पाटीवरील धूळ आणि गणनेची रीत

प्राचीन भारतीय गणितग्रंथांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यांत नियम आहेत, उदाहरणे आहेत, उत्तरेही आहेत; पण उत्तरापर्यंतची वाटचाल नाही. हा आक्षेप केवळ पोथीच्या पानावर नजर ठेवून घेतलेला आहे. गणना पानावर होतच नव्हती. ती पाटीवर पसरलेल्या धुळीत अंक रेखून होत असे. अंकगणिताला ‘पाटीगणित’ व ‘धूलिकर्म’ ही नावे त्यावरूनच पडली.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) गुणाकाराचे उदाहरण पाहावे. १३५ ला १२ ने गुणायचे आहे. नियम सांगतो, की गुण्याच्या ‘अंत्य’ अंकापासून आरंभ करावा. आजच्या वाचकाला हा शब्द चकवतो. स्थाने एककापासून मोजली जात असल्याने अंत्य म्हणजे सर्वांत डावीकडचा अंक. एकाची बारापट १२. गुणक एक स्थान उजवीकडे सरकवून तिनाची बारापट ३६. त्यातील ३ आधीच्या १२ मध्ये मिळवून १५६. पुन्हा सरकवून पाचाची बारापट ६०. ती मिळवली की १६२०. दर टप्प्याला जुना अंक पुसून नवा लिहायचा. कागदावर ही खाडाखोड ठरली असती. धुळीत ते बोटाचे काम. अखेरीस पाटीवर उत्तर उरे, वाटचाल पुसली जाई.

याच उदाहरणासाठी भास्कराचार्य अन्य रीतीही देतात. बाराचे ८ आणि ४ असे खंड पाडावेत, ३ व ४ यांनी क्रमाने गुणावे, किंवा वीसपट करून आठपट वजा करावी : २७०० उणे १०८०. ब्रह्मगुप्तानेही इ. स. ६२८ मध्ये गुणाकाराच्या अनेक रीती नोंदवल्या होत्या. संख्येचे रूप पाहून रीत निवडायची, हा विवेक गणकाकडेच सोपवलेला दिसतो.

साधन पालटले की रीतही पालटते. दहाव्या शतकात दमास्कस येथे अल्-उक्लिदिसीने हीच हिंदू गणना शाई-कागदावर, अंक न पुसता करण्याच्या रीती सांगितल्या. मधले टप्पे टिकले, तेव्हा चूक शोधणेही शक्य झाले.

भारतात नियमांमागील कारणे टीकाग्रंथांनी सांभाळली. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून नियमांच्या उपपत्ती दिल्या. केवळ मूळ श्लोक वाचून ‘येथे युक्तिवाद नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही टीका पाहिलेली नसते. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती मूळ ग्रंथासह १९३७ मध्ये छापली आहे.