सही करणाऱ्या कोळ्याचं नाव

पावसाळा सरत आला की बागेतल्या झुडपांत एक मोठं गोल जाळं दिसू लागतं. मधोमध मादी डोकं खाली करून बसलेली, आठ पाय जोडीजोडीने फुलीसारखे ताणलेले, आणि पायांच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी वीण. कुणी घाईत सही करावी तशी. म्हणून निसर्गप्रेमी तिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. शास्त्रात या प्रजातीचं नाव आर्जिओपी.

हे नाव आलं इजिप्तच्या वाटेने. 1798 मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर जे विद्वान तिथे गेले, त्यांत साव्हिन्यी हा एकवीस वर्षांचा फ्रेंच तरुण होता. कृमी, कीटक, कोळी यांचे नमुने त्याने गोळा केले आणि परतल्यावर वर्षानुवर्षं भिंगाखाली पाहून त्यांची चित्रं करवून घेतली. कोळ्याच्या तोंडाचे अवयव, डोळ्यांची मांडणी, पायांची नखं असं सगळं बारकाईने टिपलेली ती चित्रं आजही थक्क करतात.

त्या कामात त्याचे डोळे गेले. उजेड सोसेना. 1851 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याला अंधारातच दिवस काढावे लागले. चित्रं तयार होती, पण मजकूर लिहायला तो उरला नव्हता. सरकारने ते काम ओदुआँ या तरुण प्राणिशास्त्रज्ञाकडे सोपवलं. म्हणून प्रजातीच्या नावापुढे आज ‘ओदुआँ, 1826’ असं लिहितात. ज्याने डोळे खर्ची घातले, त्याचं नाव तिथे नाही. ही रुखरुख राहतेच.

आर्जिओपी ही ग्रीक पुराणातली एक अप्सरा. शब्दाचा अर्थ ‘उजळ मुखाची’. कोळ्याच्या डोक्यामागच्या भागावरची रुपेरी लव पाहिली की नाव किती नेमकं बसलंय ते कळतं.

प्रजातीत आता ऐंशीहून अधिक जाती आहेत. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एका जातीला थोरेल या स्वीडिश अभ्यासकाने 1887 मध्ये नाव दिलं. रोमन अक्षरं इंग्रजी वळणाने वाचून आपण ते ‘अनसुजा’ म्हणतो. पण स्वीडिशमध्ये त्या ‘जे’चा उच्चार ‘य’ होतो. तसं वाचलं तर समोर येते ती आपल्या ओळखीची अनसूया.

जाळ्यातल्या त्या सहीचा उपयोग काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ती जाळं घट्ट करते असं पूर्वी मानत. पुढे कुणी म्हटलं, तिच्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांना भुलून कीटक येतात. कुणी म्हटलं, ती पाहून पक्षी जाळं टाळतात.