जोडी फुटू नये अशा फुलदाण्या

राजापेठेसारख्या जुन्या वस्तीत घरे पाडून सदनिका उभ्या राहतात, तेव्हा माळ्यावरचे सामान खाली येते आणि त्याची वाटणी होते. पितळी डब्यांची वाटणी सोपी. परंतु हाताने रंगविलेल्या फुलदाण्यांच्या जोडीतील एक थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे गेली, तर नुकसान दोघांचेही होते. सुट्या फुलदाणीला जोडीच्या निम्मी किंमतही सहसा येत नाही.

जोडीने मांडण्याची ही रीत मूळची चीनमधील. तेथे वेदीवर धूपपात्राच्या दोन्ही अंगांना फुलदाण्या ठेवीत. सतराव्या शतकात चिनी भांडी जहाजांतून युरोपात पोहोचली आणि शेकोटीवरील फळीच्या दोन टोकांना विसावली. इंग्रजी अमदानीत तीच पद्धत आपल्या दिवाणखान्यांत आली.

या कलेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत १८५७ साली स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७०च्या दशकात मृत्पात्रांचा विभाग सुरू केला. झिलईचे तंत्र सिंधमधील कुंभारांकडून आले. त्याच सुमारास, १८७२पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. वऱ्हाडच्या उंबरठ्यावरील त्या लेण्यांतील आकृती अशा रीतीने फुलदाण्यांच्या पोटावर उतरल्या. लंडनला पाठविलेल्या प्रतिकृतींपैकी कित्येक १८८५च्या आगीत नष्ट झाल्या; फुलदाण्या मात्र उरल्या. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात हे काम पाहावयास मिळते.

घरातील जोडी हाताने रंगविलेली आहे काय, हे भिंगातून कळते. छापील नक्षीत बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, तर हातच्या कामात कुंचल्याचे फटकारे. दोन्ही फुलदाण्या तंतोतंत सारख्या असतील, तर उलट शंका घ्यावी. एका चित्रकाराच्या हातूनही तेच पान दोनदा सारखे उमटत नाही. पुष्कळ जोड्यांत चित्रे आरशातल्यासारखी उलटसुलट असतात. अशा वेळी आकृतींची तोंडे एकमेकांकडे करावीत. पाठमोऱ्या ठेवल्या की जोडी रुसल्यासारखी भासते.

मांडणीसाठी सागवानी मेज अथवा भिंतीतील रुंद कोनाडा उत्तम. मागची भिंत साधी असावी आणि मधली जागा मोकळी, फार तर एखादी ठेंगणी वस्तू. लहान खोलीत दोन टोके गाठण्याचा हट्ट न धरता दोन्ही शेजारी ठेवल्या तरी शोभतात. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर त्या ठेवू नयेत. तळाशी वाळूची पुरचुंडी घातल्यास धक्क्याने कलंडण्याचे भय कमी होते.

जुन्या झिलईला बारीक तडे असल्यास पाणी आत मुरते व डाग पडतात. म्हणून ताजी फुले टाळावीत. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. सोनेरी नक्षीवर चिंच, लिंबू वा भांडी घासण्याची पूड कदापि नको. उचलताना मान अथवा कान न धरता एक हात बुडाखाली असावा. विजेचा दिवा करण्यासाठी बुडाला भोक पाडण्याची हौस तर सर्वांत महाग पडते.

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. परदेशातील मुलांसाठी सामानात एक फुलदाणी गुंडाळण्यापूर्वी एवढे ध्यानात असावे.