वऱ्हाडातील बालमस्तिष्कार्बुदाचे निदान : विलंबाची मीमांसा

'निदान' या शब्दाचा मराठीतील प्रवास उद्बोधक आहे. वैद्यकात तो रोगाच्या कारणाचा व ओळखीचा वाचक होय. माधवकराचा 'रोगविनिश्चय' हा ग्रंथ 'माधवनिदान' म्हणून प्रसिद्ध झाला तो याच अर्थाने. जुन्या बोलण्यात 'निदान' म्हणजे 'अखेरीस' असाही अर्थ होता. लहान मुलांच्या मेंदूतील अर्बुदापुरते पाहिले, तर हे दोन्ही अर्थ दीर्घकाळ एकच होते. रोग ओळखला जाई तो अखेरीसच.

सुश्रुताने वर्णिलेले अर्बुद वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे व सावकाश वाढणारे असते. ते डोळ्यांना दिसते व हाताला लागते. कवटीच्या आतील अर्बुदास ही सोय नाही. मुलांतील अशी अनेक अर्बुदे लहान मेंदूच्या परिसरात उद्भवतात, द्रवाचा मार्ग अडवितात आणि कवटीतील दाब वाढवितात. त्यामुळे सकाळी डोके दुखणे, ओकारी होणे, नजर तिरळी होणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे प्रकट होतात. तान्ह्या बाळाचे डोकेच मोठे होऊ लागते.

अमरावती-अकोल्याकडील घरगुती भाषेत यांपैकी प्रत्येक लक्षणास स्वतंत्र नाव सिद्ध आहे. ओकारीला पित्त वा जंत, डोकेदुखीला ऊन, झटक्याला मिरगी, अडखळत्या चालीला धांदरटपणा, आणि कशातच न बसणाऱ्या गोष्टीला दृष्ट. ही नावे अज्ञानमूलक म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत पित्त हे पित्तच असते. अडचण निराळीच आहे. चार लक्षणांना चार नावे मिळाली, की ती एकाच रोगाची आहेत हे ध्यानात येत नाही. नाव ठेवताच शोध थांबतो.

विलंबाचे दुसरे कारण साधनांचे. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केल्यावर दाबामुळे सुजलेली दृष्टिचकती पाहता येऊ लागली. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. परंतु त्यांत हाड दिसे, मेंदू नव्हे. डँडीने १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून छायाचित्र घेण्याची रीत काढली. ती क्लेशकारक व धोक्याची होती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी इंग्लंडमध्ये हौन्सफील्डच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी चित्र घेतले, तेव्हा हा अडसर दूर झाला.

तिसरे कारण अंतराचे. जेकब चँडी यांनी वेल्लोर येथे १९४९ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग उघडला. राममूर्ती यांनी मद्रास येथे १९५० मध्ये कार्य आरंभिले. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे. ते अमरावतीहून सुमारे १५० आणि अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर दूर. खुद्द अमरावतीत वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९८४ मध्ये, अकोल्यात शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये.

यंत्र जवळ आले, रस्ता आखूड झाला. पहिले कारण मात्र त्यामुळे आपोआप नाहीसे होत नाही. इंग्लंडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथे सीटी यंत्रे केव्हाच रुळली होती; तरीही २००६ मध्ये लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतचा मध्यक कालावधी १४.४ आठवडे होता. २०११ मध्ये 'हेडस्मार्ट' मोहिमेने पालक व डॉक्टरांपुढे लक्षणांची वयोगटवार यादी ठेवली, आणि २०१३ पर्यंत तो ६.७ आठवड्यांवर आला. साधने तीच होती. लक्षणे एकत्र वाचण्याची सवय नवी होती.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वेगाने वाढणारे अर्बुद लवकर ध्यानात येते, तरी तेच अधिक घातक असते. म्हणून विलंब व आयुर्मान यांचा संबंध सरळ मांडता येत नाही. परंतु वाढत्या दाबाने दृष्टिनाडी सुकली, तर गेलेली दृष्टी अर्बुद काढल्यानंतरही सहसा परत येत नाही. तेथे आठवड्यांचा हिशेब डोळ्यांचा हिशेब ठरतो.

तात्पर्य, वऱ्हाडातील प्रश्न केवळ रुग्णालयांचा नाही, भाषेचाही आहे. लक्षणांची यादी प्रमाण मराठीच्या परिभाषेत छापून भागणार नाही. जी आई 'पोरगं सकाळीच ओकते, चालताना लटपटते' असे सांगते, तिच्या त्या दोन वाक्यांची सांगड घालणारी यादी शाळेच्या भिंतीवर व प्राथमिक आरोग्य केंद्रात हवी.