घरामागचा गोळा

घर मागे जोडून ओढायचं, की घरातच इंजिन बसवायचं? युरोपातले फिरस्ते हा प्रश्न मोटार आल्यापासून घोळवत आले आहेत. मागे जोडलेलं घर म्हणजे कॅराव्हान. इंजिनासकट एकाच सांगाड्यावर उभं असलेलं घर म्हणजे मोटरहोम. दुसऱ्या प्रकारात सांधाच उरत नाही, आणि तेच त्याचं मोठं आकर्षण. मग आज तिकडचे मोटरहोमवाले गॅरेजात जाऊन गाडीमागे टोबार का बसवून घेतात?

उत्तराची सुरुवात घोड्यांच्या काळात सापडते. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले स्कॉटिश डॉक्टर पुढे मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. केवळ हौसेने भटकण्यासाठी त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्यात घरगाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’. १८८५ मध्ये दोन घोडे जुंपून ते तिच्यातून इंग्लंडहून थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेले. त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई आणि रस्त्यावरच्यांना सावध करी. मोठं घर रस्त्यावर आणलं की सोबत एक चपळ, लहान वाहन लागतंच, हे तेव्हाच दिसून आलं. स्टेबल्स आपल्या गाडीला ‘लँड यॉट’, म्हणजे जमिनीवरची नौका, म्हणत. अमेरिकेत आज मोटरहोममागे ओढत नेलेल्या मोटारीला ‘डिंगी’ म्हणतात, म्हणजे नौकेसोबतची होडी. शंभर वर्षांनंतरही उपमा तीच राहिली.

ही होडी बांधायची कशाने? आपल्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चालतात, त्यांचा पिनीचा सांधा आठवून पाहा. वळता यावं, खाचखळगे सोसावेत म्हणून पिनीला थोडी ढिलाई ठेवावी लागते. म्हणून तो सांधा खडखडतो आणि ब्रेक लावला की मागची ट्रॉली पुढच्या गाडीला धक्का देते. ट्रॅक्टरच्या वेगात हे खपून जातं, मोटारीच्या वेगात खपत नाही.

जर्मनीत विडेनब्रुक गावी योहान बर्नहार्ड क्नोबेल यांनी १८४४ मध्ये लोहारकामाची शाळ सुरू केली होती. तिचाच पुढे ‘वेस्टफालिया’ हा कारखाना झाला. १९३० च्या दशकात, मोटारीमागे घर ओढायची हौस जर्मनीत नुकती रुजत असताना, या घराण्याने गोळा आणि वाटीचा सांधा पुढे आणला. १९३४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आपल्या खांद्याचा सांधा असतो तशीच ही रचना आहे. मागची गाडी वळते, वर-खाली होते, कलते, पण पुढे-मागे आदळत नाही. युरोपात आजही मोटारींमागे ५० मिलिमीटर व्यासाचा हाच गोळा दिसतो.

गंमत म्हणजे १९५१ पासून याच वेस्टफालियाने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बसवायचा ‘कॅम्पिंग बॉक्स’ आणला. एरवी मालाची गाडी आणि सुट्टीत घर. घर ओढण्याचा सांधा ज्या कारखान्याने दिला, त्यानेच सांध्याविना चालणारं घरही लोकप्रिय केलं.

पण घर मोठं होत गेलं तशी अडचणही वाढली. तळावर गाडी लावली, पाण्याची-विजेची जोडणी केली, आणि मग पाव आणायला अख्खं घर घेऊन कसं जायचं? म्हणून मागे लहान मोटार किंवा स्कूटरचा ट्रेलर आला, आणि टाळलेला सांधा परत आला.

परत आला तो अधिक अवघड होऊन. साध्या मोटारीत टोबार पक्क्या पोलादी भागाला आवळता येतो. अनेक मोटरहोममध्ये मात्र मूळ चासी मागच्या चाकांनंतर थोड्याच अंतरावर संपते. त्यापुढे बाहेर आलेलं असतं ते फक्त घर, म्हणजे हलका पत्रा, फोम आणि लाकूड. त्याला टोबार अडकवून भागत नाही. कारागिराला आधी चासीला पोलादी पट्ट्या जोडून ती मागे लांबवावी लागते. आपल्याला बाहेरून दिसतो तो मुठीत मावणारा गोळा. खरं काम फरशीखालचं.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि ती बैलगाडी हाकणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, पुढची बाजू उचलते. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे आणि गोळा मागच्या चाकांपासून २ मीटर मागे आहे. गोळ्यावर १०० किलोचा भार आला, तर मागच्या चाकांवर १५० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ५० किलो कमी होतात. युरोपातली पुष्कळ मोटरहोम पुढच्या चाकांच्या जोरावर चालतात. ओल्या गवतावर किंवा चढावर त्याच चाकांची पकड सुटते. सुकाणूही त्यांच्याच हाती असतं.

म्हणून टोबार बसवण्याआधी वाचायची ती गाडीवरची वजनांची पाटी. एकट्या गाडीचं कमाल वजन, मागच्या वाहनासह कमाल वजन, आणि दोन्ही आसांवरची मर्यादा असे चार आकडे तिच्यावर असतात. घर आधीच काठोकाठ भरलेलं असेल, तर कितीही भक्कम टोबार कामाचा नाही. स्टेबल्स यांच्या नोकराची सायकल स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या जोरावर चालत होती. आजच्या होडीचं ओझं आणि ओढ मात्र नौकेलाच सोसावी लागते.