मंत्राच्या जागीं आलेलें भाषण

विवाहमंडपांत ऐकूं येणारे शब्द मराठी घरांत पूर्वापार दोन प्रकारचे. एक पुरोहिताचा संस्कृत मंत्र, दुसरें मंगलाष्टक. पहिल्याचा अर्थ वधूवरांस बहुधा कळत नसे. दुसऱ्याकडे अक्षता टाकण्याच्या घाईंत कोणाचें लक्ष नसे. ज्या शब्दांनीं दोन जिवांचा जन्म बांधावयाचा, तेच त्यांना उमगूं नयेत, ह्या विसंगतीवर जोतीराव फुले यांनीं घाव घातला.

फुले घराण्याचें मूळ गांव साताऱ्याकडील कटगुण. सावित्रीबाईंचें माहेर त्याच जिल्ह्यांतील नायगांव. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट व राधा निंबणकर यांचा विवाह पुरोहितावांचून लागला. फुले यांनीं रचिलेलीं मंगलाष्टकें मराठी होतीं. त्यांचा विशेष असा कीं, तीं तिऱ्हाइतानें म्हणावयाचीं नसून वधूवरांनींच परस्परांस उद्देशून म्हणावयाचीं होतीं. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते; वर त्यांसाठीं झटण्याचें वचन देतो. फुले यांच्या निधनानंतर १८९१ सालीं निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ ह्या ग्रंथांत हा विधि आलेला आहे.

हें बीज साताऱ्याच्या मातींत रुजलें. १९०० सालीं जन्मलेले येडेमच्छिंद्रचे नाना पाटील सत्यशोधक विचारांचे. तलाठ्याची नोकरी सोडून ते कायदेभंगांत पडले आणि १९४२ च्या उठावानंतर भूमिगत झाले. वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके तेव्हां सातारा जिल्ह्यांतच होते. १९४९ सालीं त्यांचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यासच सांगली हें नांव मिळालें. ह्या टापूंत उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारनें न्यायदानाबरोबर थोड्या खर्चाचीं लग्नेंही लावलीं. लोक त्यांस ‘गांधी-विवाह’ म्हणत.

ह्या लग्नांचें मर्म हिशेबाच्या वहींत सांपडतें. १८७५ सालीं पुणें-नगरकडील शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, तेव्हां चौकशी करणाऱ्या मंडळानें लग्नखर्चाला कर्जाच्या कारणांत वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें, असें मत नोंदविलें. तें खरें धरलें, तरी आधींच सारा, बीं-बियाणें व व्याज यांखालीं वांकलेल्या कुणब्याला एका मांडवाचा भारही पुरेसा होई. मुलीच्या अंगाची हळद उतरे, पण बापाच्या जमिनीवरील बोजा उतरत नसे.

गांधी-विवाहांत हा खर्च गेला. पण त्याबरोबर लग्नाला लग्नपण देणाऱ्या अनेक गोष्टीही गेल्या. मंत्र नाहीं, वाजंत्रीचा थाट नाहीं, जेवणावळ नाहीं. मग गांवानें हें लग्न झालें असें कशावरून मानावें? तो भार चारचौघांसमक्ष उच्चारलेल्या शब्दावर आला. येथें भाषण ही समारंभाची शोभा नव्हती; भाषण हाच संस्कार होता. तें फसलें, तर जमलेल्या आयाबायांच्या मनांत लग्नच अपुरें राहिलें असतें.

म्हणून अशा भाषणाला पांडित्य परवडणारें नव्हतें. नाना पाटलांची वाणी रांगडी, शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यांतली. पेरणी, पाणी, बैलजोडी हें ज्यांचें जग, त्यांना त्यांच्याच भाषेंत समजेल असें ते बोलत. ऐकणाऱ्याला शब्द समजला, कीं तो आपोआप साक्षीदार होतो. आणि साक्षीदार झालेला गांव उद्यां हुंडा मागणाऱ्याला, सुनेला जाचणाऱ्याला जाब विचारूं शकतो.

विवाहप्रसंगीं बोलणें पुढें शहरी घरांतही रूढ झालें. तेथें कोटी साधते, हंशा पिकतो, टाळी पडते, आणि पंगत उठेपर्यंत सारें विसरलेंही जातें. वारणा-कृष्णेच्या कांठच्या त्या भाषणांची कसोटी निराळी होती. वक्ता रात्रींतून दुसऱ्या गांवीं निघून जाई. मागें उरे ती दोघांनीं दिलेली कबुली आणि गहाण न पडलेली जमीन.