गंज म्हणजे इतिहास नव्हे: पद्मिनीच्या मंद टेल लाइटची गोष्ट

रात्री हायवेवर तुमच्यापुढे एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी आली, तर ती जरा उशिराच दिसते. मागचे दोन लाल ठिपके मिणमिणत असतात. ब्रेक मारला तरी फार फरक पडत नाही. शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतं, "त्या काळी दिवे असेच असायचे."

मी दुरुस्तीच्या इतिहासावर संशोधन करतो आणि हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. आज त्याचीच उलटतपासणी करू या.

आधी दिवा समजून घेऊ. अशा गाड्यांत मागे बहुधा दोन फिलामेंटचा बल्ब असतो: ५ वॉटची फिलामेंट टेल लाइटसाठी, २१ वॉटची ब्रेकसाठी. बॅटरीपासून बल्बपर्यंत वायर येते, पण परत जायला वेगळी वायर नसते. गाडीचा पत्राच परतीची वाट असतो. यालाच आपले मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. आता विचार करा, मुंबईच्या दमट हवेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेल्या पत्र्याचं काय झालं असेल? बल्बचा होल्डर जिथे पत्र्याला टेकतो तिथे गंज चढतो आणि करंटची वाट अडते.

इथे एक गंमत आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेडही दहाच टक्के कमी होईल असं वाटतं ना? तसं होत नाही. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन (३.५) घाताने बदलतो, म्हणजे तो व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरतो. १२ ऐवजी १०.८ व्होल्ट मिळाले, तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्यात आतला रिफ्लेक्टर काळवंडलेला आणि वरची लाल काच, म्हणजे खरं तर प्लास्टिक, धुरकट झालेलं. प्रत्येक जण थोडा थोडा उजेड खातो.

तेव्हा 'त्या काळी असेच असायचे' हे पुराव्याचं चुकीचं वाचन आहे. आपण १९७४ ची गाडी बघत नसतो. १९७४ ची गाडी अधिक पन्नास वर्षांचा गंज, असं बघत असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची आहे: वस्तू आज जशी उरली तशीच ती मुळात होती, असं धरून चालणं.

पण म्हणून जुने दिवे आजच्याइतके प्रखर होते का? तेही नाही. 'मंद' हा शब्द आजूबाजूच्या रस्त्यावर अवलंबून असतो. याचं उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. सत्तरच्या दशकात वॉशिंग्टनच्या टॅक्सींवर मागच्या बाजूला मधोमध, उंचावर तिसरा ब्रेक लाइट लावून बघितला. ब्रेक मारताना मागून बसणाऱ्या धडका जवळपास निम्म्यावर आल्या. १९८६ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे १९९८ च्या सरकारी अहवालात त्याचा दीर्घकालीन फायदा निघाला फक्त ४.३ टक्के. असं का? एक कारण असं दिलं जातं, की सगळ्यांनाच तो दिवा आला आणि नजर सरावली.

म्हणजे दिवा आपल्याशी बोलतो तो फरकाने. ५ वॉट आणि २१ वॉट यांतला फरक हाच खरा निरोप: "मी थांबतोय." नुसता लाल उजेड वाढवून तो निरोप वाढत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ एलईडी बल्ब घालू की! घाला, पण जपून. एलईडी लागलीच पेटते. फिलामेंट तापायला साधारण ०.२ सेकंद जास्त लागतात, आणि ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्यात मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे येते. हा फायदा खरा आहे. पण काही स्वस्त एलईडींमध्ये टेल आणि ब्रेक यांच्या उजेडात नीट फरकच नसतो. दिवा झगझगीत आणि निरोप गायब! शिवाय लाल काचेमागे पांढरी एलईडी लावली, तर तिचा बराचसा उजेड काचच अडवते. लाल काचेला लालच हवी.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मल्टीमीटर घ्या. दिवा चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं होल्डरच्या धातूला लावा. काटा शून्याजवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थ खराब आहे. तिथला गंज पॉलिश पेपरने घासा, नट-बोल्ट आवळा, गरज पडली तर होल्डरपासून चांगल्या पत्र्यापर्यंत वेगळी वायर टाका. मग रिफ्लेक्टर आणि काच साफ करा. एवढ्यावर बरेचदा काम भागतं. बल्ब बदलायचा तो त्यानंतर.

आणि काढलेला भाग फेकू नका. जुन्या गाड्यांसाठीची तुरीनची सनद हेच सांगते: बदल नजरेत न भरणारा असावा, परत फिरवता यावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत राहावेत. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' नोंदणी दिली. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. आता जी काही माहिती उरली आहे ती या घरगुती गाड्यांतच.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर तो होल्डर घासण्याआधी एक फोटो काढून ठेवा. गंज इतिहास नव्हे हे खरं, पण तो कुठे आणि कसा चढला, याची नोंद मात्र इतिहासच आहे.