शून्यावर चार

मोहनखेड्याच्या धर्मशाळेत संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत उरकतं. त्यामुळे सात वाजता माणसाजवळ वेळ भरपूर आणि हाताला काम काही नाही, अशी स्थिती होते. गेल्या पौषात गुरुसप्तमीच्या गर्दीआधी आम्ही तिथे गेलो होतो. मी सामायिकाला बसले, वाळूची घडी समोर ठेवली, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांनी उठले तेव्हा दाराशी भाची उभी. तिने विचारलं, "मावशी, एवढा वेळ मन कुठे असतं गं तुझं?"

खरं उत्तर देणं भाग होतं. म्हटलं, "निम्मा वेळ गॅस बंद केला होता का, त्यात."

ती हसली, आणि मग एकदम रडायलाच लागली.

ही माझ्या बहिणीची मुलगी, वय एकोणीस. एअर रायफल खेळते. घरात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, "जैनाच्या घरात बंदूक?" तिला समजावता समजावता आम्ही थकलो, की अगं, समोर कोणी जीव नसतो, कागद असतो, आणि आता तर कागदही नाही, इलेक्ट्रॉनिक निशाण असतं. दहा मीटरवर उभं राहायचं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर छर्रा मारायचा. साठ वेळा, पंचाहत्तर मिनिटांत. आई म्हणाली, "मग तो ठिपका एवढा बारीक कशाला ठेवतात मेले?" पण तेव्हापासून तिचा विरोध मावळला.

मागच्या वर्षी एका स्पर्धेत या मुलीचे पन्नास नेम सुरेख लागले आणि शेवटच्या दहांत हात गळून गेला. बोट घोड्यावर होतं, पण दाबवेना. तिच्या त्या वेळच्या शिक्षकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मनानं कच्ची आहे." घरीही तेच वाक्य पोचलं. तेव्हापासून ती आठवड्यातून एकदा एका क्रीडा-मानसशास्त्रज्ञांशी फोनवर बोलते. घरी सांगितलंय, इंग्रजीचा क्लास आहे. धर्मशाळेत रेंज फक्त बाहेरच्या पायऱ्यांवर येत होती, म्हणून त्या दिवशी थंडीत तिथे जाऊन बसली होती. "आजीला सांगू नकोस हं मावशी. वेड्यांच्या डॉक्टरकडे जाते म्हणेल. आणि उद्या स्थळं बघायला लागले की…"

रात्री मला झोप आली नाही. "मनानं कच्ची" हे वाक्य आपल्याकडे किती जणांच्या कपाळी मारलं गेलं असेल, याचा विचार करत पडले. आणि धार जिल्ह्यात पडल्या पडल्या मला शेजारच्या देवासची आठवण झाली.

आमच्या वडिलांना क्रिकेटचं वेड होतं. विजय हजाऱ्यांचं नाव घरात देवासारखं घेतलं जाई. हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, शिक्षकाच्या घरात, आठ भावंडांपैकी एक. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा धागा माळव्यात, पवारांच्या देवासशी बांधलेला आहे. धारचे पवार आणि देवासचे पवार हे भाऊबंदच; देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात होत्या. थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव हे हजाऱ्यांचे आश्रयदाते. १९३० नंतरच्या दशकात हजारे रणजी करंडकात मध्य भारताकडून खेळले ते याच काळात. ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचं मार्गदर्शनही त्यांना मिळालं. नोकरी, पोट, शिक्षक, मैदान: राजाने एखाद्या गुणी मुलासाठी जे करावं ते सगळं झालं.

आणि मुलाने ते फेडलं. १९४३ च्या पंचरंगी सामन्यात 'रेस्ट'च्या ३८७ धावांत एकट्या हजाऱ्यांच्या ३०९. धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा होता. दोघांची भागीदारी तीनशेची, त्यात विवेकच्या धावा २१. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला लिंडवॉल आणि मिलरसमोर दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात भारताच्या एकूण धावा होत्या २७७. एवढा वेळ लक्ष ढळू न देणं ही काय चीज आहे, हे अठ्ठेचाळीस मिनिटांत गॅसपर्यंत जाऊन आलेल्या बाईने सांगायची गरज नाही.

पुढे या अबोल माणसाला कर्णधार केलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो त्यांच्याच हाताखाली. त्यानंतर चार महिन्यांनी, जूनमध्ये, लीड्स. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि चौदा चेंडूंत फलकावर आकडा लागला: शून्यावर चार. पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, आमच्या नाशिकचे माधव मंत्री, विजय मांजरेकर. पहिल्या डावात याच मांजरेकरांनी १३३ केल्या होत्या, म्हणजे खेळ येत नव्हता असं नव्हे. ट्रूमन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा धावत येत होता. मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर गेले आणि हॅटट्रिकचा चेंडू खेळायला कर्णधार हजारे आत आले. तो चेंडू त्यांनी निभावला. ५६ धावा केल्या, फडकरांनी ६४, आणि डाव १६५ पर्यंत गेला. सामना हरलाच.

वडील ही गोष्ट सांगताना नेहमी ५६ वर थांबत. मला आता त्या चौघांचा विचार येतो. त्या रात्री त्यांच्याशी कोण बोललं असेल? त्या काळच्या दौऱ्यावर व्यवस्थापक असे, सामानाची, तिकिटांची, जेवणाची काळजी घेणारा. भीती वाटली तर ती कुणाजवळ सांगायची, याची सोय नव्हती. आणि हजाऱ्यांची तर मुळीच नव्हती, कारण तेच कर्णधार. विजय मर्चंट यांनी पुढे असं मत मांडलं की कर्णधारपदाचं ओझं नसतं तर हजारे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज झाले असते. मर्चंट हे काही भावनेत वाहून जाणारे गृहस्थ नव्हते. १९५३ नंतर हजारे कसोटी खेळले नाहीत. तीस कसोटींत २१९२ धावा, सरासरी ४७.६५. हे आकडे असलेल्या माणसाबद्दलही "अजून काही राहून गेलं" असं जाणत्यांना वाटावं, आणि कारण बॅटीत नसून मनावरच्या भारात दिसावं!

लीड्सनंतर दीड महिन्याने हेलसिंकीला ऑलिंपिक झालं. खाशाबा जाधवांचं कांस्यपदक प्रत्येक मराठी घराला पाठ आहे: कराडजवळचं गोळेश्वर, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी ७,००० रुपयांसाठी गहाण टाकलेलं घर. पण त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला खाशाबा गेले त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. आणि १९४८ साली कोल्हापूरच्या गादीवर कोण होतं? शहाजी महाराज. म्हणजेच, एक वर्ष आधी दत्तक गेलेले देवासचे विक्रमसिंहराव पवार! सांगलीचा फलंदाज आणि गोळेश्वरचा मल्ल, दोघांच्या पाठीशी एकच हात. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी भाचीला हलवून उठवलं. तिने कूस बदलली आणि म्हणाली, "सकाळी सांग."

हेलसिंकीची जी गोष्ट सांगितली जाते ती अशी. जपानच्या इशीशी दमछाक करणारी लांबलचक कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मधे अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो पंचांना सांगायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. महाराजांनी भाडं दिलं, प्राचार्यांनी घर दिलं, गावाने वर्गणी दिली. ऐन घटकेला खांद्यावर हात ठेवणारं मात्र कुणी नव्हतं. तालमीत वस्ताद असतो. पोराचा चेहरा बघून त्याला उमगतं की आज याला लढवायचं की नुसतं बसवायचं. पण वस्तादाचं हे शहाणपण तालमीच्या उंबऱ्यातच राहिलं. ते बोटीत चढलं नाही, विमानातही नाही.

बाहेरच्या जगात तेव्हा काही फार उजेड होता असं नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ याने १९२५ साली खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल संघाने त्याला बोलावलं, तर संघाच्या व्यवस्थापकालाच त्याची अडचण वाटू लागली. खेळाच्या दुनियेत मनाचा माणूस म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा, हे तिकडेही तसंच.

आपल्याकडे हे काम नेटाने केलं ते एका पोलीस अधिकाऱ्याने, आणि तेही नाशिकला राहून. भीष्मराज बाम. मी नाशिकची असून त्यांना कधी भेटले नाही, ही चुटपुट कायमची. ते स्वतः नेमबाज होते. पतंजलीच्या योगसूत्रांचा त्यांचा अभ्यास होता, पण तो देवघरात ठेवण्यापुरता नव्हता; सूत्रांत सांगितलेली एकाग्रता त्यांनी नेमबाजीच्या फलाटावर आणली. श्वास कसा घ्यायचा, शरीर सैल कसं सोडायचं, डोळे मिटून पूर्ण कृती मनात आधी कशी करून पाहायची, आणि निकाल बाजूला ठेवून पुढच्या एका कृतीवरच लक्ष कसं टिकवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ही सवय आहे, आणि ती रोज घासावी लागते, असं ते पुस्तकांतून, व्याख्यानांतून सांगत राहिले. गीत सेठी, गोपीचंद, राहुल द्रविड, अंजली भागवत अशी नावं त्यांच्याशी जोडलेली आहेत. मे २०१७ मध्ये ते गेले.

मला यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की द्रविडसारखा माणूस अशी मदत घेतो हे लोकांना कळलं. ज्याला आपण भिंत म्हणत होतो तोही कुणाजवळ बसून मनाचं बोलतो! मग माझ्या भाचीने इंग्रजीच्या क्लासचं खोटं का बोलावं?

अंजली भागवतांचं उदाहरण तर भाचीच्या अगदी जवळचं. तोच खेळ, तीच दहा मीटरची एअर रायफल. २००० साली सिडनीला त्या वाइल्ड कार्डवर गेल्या आणि अंतिम फेरीत पोचल्या. ऑलिंपिकच्या नेमबाजीत अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय स्त्री. आठव्या आल्या. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं. त्यांच्यामागून सुमा शिरूर, दीपाली देशपांडे, तेजस्विनी सावंत आल्या. आणि याच दीपाली देशपांड्यांचा शिष्य, कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे, २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी, वैयक्तिक पदक, कोल्हापूरच्याच मातीत. आता भारतीय संघांबरोबर मनाचा प्रशिक्षक असणं नवलाचं राहिलेलं नाही. २०११ चा विश्वचषक जिंकलेल्या क्रिकेट संघाबरोबर पॅडी अप्टन होते, आणि २०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या गुकेशबरोबरही तेच.

मोठ्यांची सोय झाली. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलीला अजून "मनानं कच्ची" हेच ऐकावं लागतं. आणि आमच्यासारख्या घरांत दुसरा एक उपाय हमखास सुचवला जातो: "नवकार म्हण, सामायिक कर, सगळं ठीक होतं." मी रोज सामायिक करते, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे. सामायिक गुण वाढवण्यासाठी नसतं. मन शांत होतं हे खरं, पण शेवटच्या दहा नेमांत बोट का अडतं, ते शोधायला ती विद्या जाणणारा माणूस लागतो. आणि कधी कधी तर प्रश्न नेमाचा नसतोच, आजाराचा असतो. तिथे डॉक्टरच हवा. सिमोन बाइल्स २०२१ मध्ये टोकियोत सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झाली तेव्हा आमच्याकडच्या एका समारंभात "एवढं काय झालं तिला?" असं विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या. हवेत उलटी असताना आपलं शरीर कुठे आहे हेच कळेनासं होणं, हे त्यांना सांगून पटत नव्हतं. भाचीला मात्र एका वाक्यात कळलं.

सकाळी भोजनशाळेच्या रांगेत मी तिला विक्रमसिंहरावांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे पैसे होते, फक्त माणूस नव्हता." मग म्हणाली, "माझ्याकडे उलटं आहे. माणूस आहे, पैसे पुढच्या महिन्यापर्यंतच आहेत." इंग्रजीच्या क्लासची फी म्हणून जे मिळत होतं, त्यातून ती ही फी देत होती.

परतीच्या वाटेवर धारला चहाला थांबलो, तेव्हा आईचा फोन आला. मी भाचीकडे बघितलं. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "आजी, क्लास इंग्रजीचा नाहीये." पलीकडून बराच वेळ काही ऐकू येईना. मग आईचा आवाज, मला चार हातांवरूनही ऐकू आला इतका मोठा: "मग किती पैसे लागतात त्याला?"